खेळाच्या कारखान्यातली फिर्याद

कळंबच्या एस.टी. स्थानकावर पहाटेच्या पुणे गाडीची वाट पाहत उभा असताना माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आणि तिच्या वडिलांची गाठ पडली. मुलगी पुण्यात ॲनिमेशनचा अभ्यासक्रम पुरा करून व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत रुजू होणार होती. तिची वळकटी, ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा सांभाळत वडील तिला पोहोचवायला निघाले होते. "सर, खेळच बनवायचा हाय म्हनं," ते समाधानाने म्हणाले, "खेळाच्या कामात पोरीला कशाचा आलाय तरास?" मुलगी त्यावर काही बोलली नाही, तिने नुसते माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात गाडी फलाटाला लागली आणि बोलणे तिथेच राहिले. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, कारण ज्या गोष्टीचा त्या गृहस्थांना दिलासा वाटत होता, त्या गोष्टीतच, म्हणजे काम हा खेळ आहे ह्या समजुतीतच, ह्या धंद्यातील स्त्रियांच्या छळाचे मूळ दडलेले आहे असे माझे मत आहे, आणि ते त्यांना नीट समजावून सांगणे त्या वेळी माझ्याकडून राहून गेले.

प्रथम हा धंदा कसा चालतो ते पाहू. पडद्यावर पोरे तासन्‌तास जो खेळ खेळतात, तो एखाद्या छांदिष्ट विद्वानाने एकट्याने रचलेला नसतो. मोठ्या खेळामागे शेकडो माणसांचे तीन-चार वर्षांचे श्रम असतात. त्यांत पात्रांची शरीरे घडविणारे चित्रकार असतात, त्या शरीरांना चालणे-धावणे शिकविणारे ॲनिमेटर असतात, प्रोग्रामर, संवादलेखक, ध्वनिसंयोजक असतात, आणि सर्वांत खालच्या पायरीवर, बहुधा कंत्राटी करारावर, तोच तो प्रसंग शेकडो वेळा खेळून त्यातील दोष हुडकून काढणारे टेस्टर असतात. आपल्या महाराष्ट्रात ह्या कामाचे मोठे ठाणे पुण्यात आहे. युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टची पुण्यातील कचेरी आपल्या ताब्यात घेतली आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरी उघडली. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ह्या गाजलेल्या खेळाच्या नव्या आवृत्तीचे काम प्रथम ह्याच दोन कचेऱ्यांकडे सोपविले होते व पुढे २०२२ मध्ये ते माँट्रियलला हलविण्यात आले. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स ह्या छोट्या मंडळीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ प्रसिद्ध केला, ज्याची नायिका एक मुलगी आहे. आणि 'इंडस' हा खेळ रचणारी सुपरगेमिंग ही कंपनीही पुण्याचीच. तेव्हा हा विषय सातासमुद्रापलीकडचा नव्हे. कळंबहून रात्रीच्या गाडीने निघालेले माणूस सकाळी त्याच्या दाराशी पोहोचते.

साखर कारखान्यातला कामगार पाळी संपली की भोंग्याबरोबर बाहेर पडतो, आणि साखर खाणे हा काही त्याच्या कामाचा भाग नसतो. खेळाच्या कारखान्यात मात्र खेळणे हेच कामाचे अंग असते, सहकारी हेच खेळगडी असतात, कचेरीतच टेबलावरचा फुटबॉल मांडलेला असतो, रात्रीची मेजवानी तिथेच होते, आणि काम कोठे संपले व मौज कोठे सुरू झाली ह्याची सीमारेषा पुसट होऊन जाते. ह्या धंद्यात येणारी बहुतेक मुले-मुली लहानपणापासून त्या खेळांच्या प्रेमात पडलेली असतात, आणि ज्याला काम हेच सुख वाटते त्याच्याकडून थोड्या पगारात जास्त तास काम काढून घेणे मालकाला सोपे जाते. खेळ बाजारात यावयाची तारीख जवळ आली की आठवडेच्या आठवडे, क्वचित महिनेच्या महिने, रात्रंदिवस राबण्याची जी पद्धत ह्या धंद्यात रूढ आहे, तिला तेथे 'क्रंच' म्हणतात. २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या अमेरिकन कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदार स्त्रीने निनावी पत्र लिहून आपला माणूस ह्या राबण्याने कसा खंगत चालला आहे ते जगापुढे मांडले, तेव्हा पहिल्यांदा लोकांचे लक्ष तिकडे गेले. त्या सुमारास कर्मचाऱ्यांनी गुदरलेले दावे कंपनीला भरपाई देऊन मिटवावे लागले.

अतिश्रम आणि लैंगिक छळ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे. पण दोन्ही एकाच जमिनीत उगवतात. जेथे रात्री दोन वाजेपर्यंत कचेरीत थांबणे हे निष्ठेचे लक्षण मानले जाते, तेथे रात्री दोन वाजता कचेरीत काय घडले ह्याची विचारपूस करणे हे निष्ठाभंगाचे लक्षण ठरते. आपल्याकडे अंगणात खेळताना डाव अंगावर आलेला पोरगा हरकत घेऊ लागला की बाकीची पोरे 'रडीचा डाव' म्हणून कालवा करतात, आणि तो पोरगा खरे बोलत होता की खोटे, ह्याचा विचारच त्या कालव्यात बुडून जातो. खेळाच्या कारखान्यात नेमके हेच होते. अंगचटीला येणाऱ्या वरिष्ठाविरुद्ध जी बोलते ती खेळाचा बेरंग करणारी, विनोद न कळणारी, 'आपल्यातली' नसलेली ठरते; आणि जे गप्प बसतात ते खिलाडूवृत्तीचे ठरतात. माझ्या मते हा शब्दांचाच एक मोठा अन्याय आहे, कारण एकदा का छळाला मस्करी आणि तक्रारीला रड हे नाव पडले, की पुढचे सारे अन्याय त्या नावांच्या आधाराने आपोआप घडत जातात.

ह्याचा सर्वांत सुस्पष्ट पुरावा न्यायालयासमोर आला तो युबिसॉफ्टच्याच प्रकरणात, म्हणून त्याकडे थोडे विस्ताराने पाहणे अवश्य आहे. मात्र एक गोष्ट आधी स्पष्टपणे नमूद केली पाहिजे, ती ही की हा खटला कंपनीच्या पॅरिसलगतच्या मुख्य कचेरीतील घटनांविषयी होता आणि पुण्याच्या कचेरीचा त्याच्याशी संबंध नव्हता. १९८६ मध्ये गियमो घराण्यातील पाच भावांनी काढलेल्या ह्या कंपनीत सेर्ज आस्कोएत नावाचे एक गृहस्थ सर्जनशील विभागाचे सर्वोच्च अधिकारी होते. जगभरच्या कचेऱ्यांत तयार होणाऱ्या खेळांची दिशा ठरविण्याचा अधिकार त्यांच्या संपादकीय विभागाच्या हाती एकवटलेला होता, आणि कंपनीची भरभराट त्यांच्या प्रतिभेवर उभी आहे अशी समजूत वर्षानुवर्षे जोपासली गेली होती. २०२० च्या उन्हाळ्यात काही स्त्रियांनी उघडपणे आपले अनुभव सांगावयास सुरुवात केली, 'लिबेरास्यों' ह्या फ्रेंच वृत्तपत्राने व 'न्यूमेरामा' ह्या संकेतस्थळाने त्यांचा पाठपुरावा केला, आणि त्याच वर्षीच्या जुलैत आस्कोएत पायउतार झाले. मनुष्यबळ विभागाच्या जागतिक प्रमुखांनाही आपले पद सोडावे लागले. त्यानंतर कंपनीने स्वतःच सुमारे चौदा हजार कर्मचाऱ्यांकडून उत्तरे मागविली, तेव्हा चौघांतील एकाने मागील दोन वर्षांत गैरवर्तन सोसल्याचे अथवा पाहिल्याचे सांगितले.

२०२५ च्या जूनमध्ये पॅरिसजवळच्या बोबिन्यी येथील न्यायालयात साक्षी झाल्या. टॉमी फ्रांस्वा ह्या वरिष्ठ अधिकाऱ्याने स्कर्ट नेसलेल्या एका तरुण सहकारी स्त्रीला भर कचेरीत सर्वांसमक्ष हातांवर उलटे उभे राहावयास लावले होते. तिलाच खुर्चीला चिकटपट्टीने बांधून, ती खुर्ची लिफ्टमध्ये ढकलून, वाटेल त्या मजल्याचे बटण दाबून दिले होते. आणि नाताळच्या मेजवानीत तिला इतरांनी धरून ठेवलेले असताना तिचे बळजबरीने चुंबन घेण्याचा प्रयत्न केला होता. गियोम पात्र्यू नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यावर सहकाऱ्यांच्या तोंडाजवळ चाबूक फटकारण्याचा व त्यांना धमकावण्याचा आरोप होता. २ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. फ्रांस्वाला लैंगिक छळ, मानसिक छळ आणि लैंगिक अत्याचाराचा प्रयत्न ह्यांबद्दल तीन वर्षांची स्थगित कैद व तीस हजार युरो दंड, आस्कोएतला मानसिक छळ आणि लैंगिक छळास साहाय्य ह्यांबद्दल अठरा महिन्यांची स्थगित कैद व पंचेचाळीस हजार युरो दंड, आणि पात्र्यूला बारा महिन्यांची स्थगित कैद व दहा हजार युरो दंड अशा शिक्षा झाल्या.

ह्या तपशिलांतील मला सर्वांत भयंकर वाटणारी गोष्ट कोणती, असे विचाराल तर ती चिकटपट्टीही नव्हे आणि चाबूकही नव्हे. ती ही, की हे सारे उघड्यावर, दिवसाढवळ्या, डझनावारी माणसे आपापल्या टेबलांशी बसलेली असताना घडले. खेड्यातल्या चोराला निदान अंधार लागतो. येथे उजेडच गुन्ह्याच्या कामी आला, कारण सर्वांनी पाहिलेल्या आणि कोणीच न हटकलेल्या गोष्टीला रिवाजाचे रूप येते, आणि रिवाजाविरुद्ध फिर्याद कोणाकडे करावयाची? मनुष्यबळ विभागाकडे गेलेल्या तक्रारी तेथेच विरल्या, त्याचेही कारण गूढ नाही. तो विभाग मालकाच्या तिजोरीतून पगार घेतो. ज्याच्या प्रतिभेवर तिजोरी भरते असे मानले जाते त्याच्याविरुद्ध निर्णय देण्याइतका तो स्वतंत्र नसतो. आस्कोएतला शिक्षा झाली ती प्रामुख्याने ह्याचसाठी, की आपल्या हाताखाली चाललेले हे सारे थांबविण्याचा अधिकार असूनही त्याने ते चालू दिले, ते स्वतःच्या वागणुकीने रुळू दिले. पाठीशी घालणाराही दोषी, हे तत्त्व न्यायालयाने येथे मान्य केले, आणि ह्या सबंध प्रकरणात मला ते सर्वांत मोलाचे वाटते.

अशा कचेरीत घडणाऱ्या खेळांवरही ह्या हवेचा परिणाम व्हावा हे ओघानेच आले. २०१४ मध्ये ह्याच कंपनीच्या एका अधिकाऱ्याने, नव्या खेळात स्त्री-पात्र घेऊन खेळण्याची सोय का नाही ह्याचे कारण देताना, त्याला ॲनिमेशनचे काम दुप्पट पडले असते असे सांगितले होते. आणि २०२० मध्ये वृत्तपत्रांतून असेही प्रसिद्ध झाले की नायिका असलेला खेळ खपत नाही ह्या वरिष्ठांच्या समजुतीपायी काही खेळांतील नायिकांच्या भूमिका कातरून त्यांच्या जोडीला नायक आणून उभे करण्यात आले. त्याच २०२० मध्ये पुण्यात मूठभर माणसांनी तुटपुंज्या भांडवलावर एका मुलीला नायिका करून खेळ पुरा केला, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे ती समजूत किती पोकळ होती हे ध्यानात येते.

अमेरिकेतील प्रकरणे ह्याहून मोठ्या रकमांची आहेत, पण त्यांची जात तीच. लॉस एंजेलिसच्या रायट गेम्स ह्या कंपनीतील स्त्रियांच्या दर्जाविषयी 'कोटाकू' ह्या संकेतस्थळाने २०१८ मध्ये सविस्तर लेख प्रसिद्ध केला. पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात तेथील कर्मचारी काम टाकून बाहेर आले. आणि २०२१ च्या डिसेंबरात कंपनीने भेदभावाचा दावा दहा कोटी डॉलर देऊन मिटविला. ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डविरुद्ध कॅलिफोर्निया राज्याच्या कामगार-हक्क खात्याने दोन वर्षांच्या चौकशीनंतर २०२१ च्या जुलैत दावा गुदरला. दारू पिऊन पुरुष एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे रांगत जाऊन स्त्रियांशी अश्लाघ्य वर्तन करीत, असा त्यात आरोप होता. संघराज्याच्या आयोगाशी कंपनीने एक कोटी ऐंशी लाख डॉलरांत तडजोड केली, आणि २०२३ अखेर राज्याशी साडेपाच कोटी डॉलरांच्या आसपास. पण ह्या दुसऱ्या तडजोडीत राज्याने लैंगिक छळाविषयीचे आरोप मागे घेतले व प्रश्न वेतनातील आणि बढतीतील भेदभावापुरता उरला. तेव्हा न्यायालयात सिद्ध झालेली गोष्ट आणि तडजोडीने मिटलेली गोष्ट ह्यांतील फरक वाचकाने लक्षात ठेवावा. फ्रान्समध्ये गुन्हा शाबीत झाला, अमेरिकेत पैसे मोजले गेले.

अमेरिकेत आणखी एक अडसर होता. नोकरीच्या करारातच असे कलम घातलेले असे की तंटा झाल्यास कर्मचाऱ्याने न्यायालयात न जाता खाजगी लवादापुढे जावे. म्हणजे फिर्याद बंद खोलीत ऐकली जाई आणि तिचा निकाल बाहेर कोणालाच कळत नसे. रायटचे कर्मचारी काम टाकून बाहेर आले ते मुख्यत्वे ह्याच कलमाविरुद्ध, आणि २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेने कायदा करून लैंगिक छळाच्या बाबतीत ही सक्ती रद्द केली.

पन्नास वर्षांपूर्वी हा धंदा सुरू झाला तेव्हा त्यात स्त्रिया नव्हत्या असे मानण्याचा प्रघात आहे, तो चुकीचा आहे. 'सेंटिपीड' हा गाजलेला खेळ डोना बेली हिच्या सहभागाने १९८१ मध्ये तयार झाला आणि 'रिव्हर रेड' कॅरोल शॉ हिने १९८२ मध्ये रचला. स्त्रिया होत्या, त्यांना तेथे परके करण्यात आले. १९७२ मध्ये अटारी ही कंपनी स्थापन करणाऱ्या नोलन बुशनेल ह्यांना २०१८ मध्ये जाहीर झालेला पुरस्कार, त्या जुन्या कचेरीतील हॉट टबमधल्या बैठका व तत्सम वातावरणाची चर्चा झाल्यावर, आयोजकांनी मागे घेतला. तेथे काम केलेल्या काही स्त्रियांनी मात्र बुशनेल ह्यांची बाजू घेतली, हेही सांगितले पाहिजे.

आता आपल्या घरी येऊ, कारण ह्या बाबतीत आपला कायदा पुष्कळ देशांच्या कायद्यांहून स्पष्ट आहे, आणि तो घडविण्यात पुण्याचा वाटा आहे. राजस्थानात भटेरी गावी सरकारी महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करणाऱ्या भंवरी देवी ह्यांनी एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ च्या सप्टेंबरात त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यांच्या फिर्यादीला कनिष्ठ न्यायालयात यश आले नाही. परंतु ज्या कामामुळे हा प्रसंग ओढवला त्या कामाच्या ठिकाणी स्त्रीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विशाखा व इतर संस्थांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा, सुजाता मनोहर व भूपिंदर नाथ किरपाल ह्यांच्या पीठाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ह्यांतील सुजाता मनोहर म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायाधीश.

तत्त्वे झाली, पण कचेऱ्या जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा पुण्याच्या 'आलोचना' ह्या स्त्रियांविषयी दस्तऐवज व संशोधन करणाऱ्या केंद्राच्या मेधा कोतवाल लेले ह्यांनी, तक्रार करूनही दाद न मिळालेल्या स्त्रियांची उदाहरणे देऊन, सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. २००४ मध्ये त्यावर असा हुकूम झाला की तक्रार समितीचा अहवाल हाच खातेनिहाय चौकशीचा अहवाल समजावा, म्हणजे त्याच स्त्रीला तीच कहाणी दुसऱ्या चौकशीपुढे पुन्हा सांगावी लागू नये. आणि १९ ऑक्टोबर २०१२ रोजी अंतिम निकाल देताना न्यायालयाने राज्यांना आपले नियम बदलण्यास मुदत घालून दिली. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला व तो ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. एका पत्राची ही वाटचाल मी माझ्या विद्यार्थ्यांना नागरिकशास्त्राच्या कोणत्याही धड्याहून अधिक आवडीने सांगत आलो आहे.

ह्या कायद्याचे मर्म एका शब्दात आहे, तो शब्द म्हणजे वातावरण. नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रे दाखविणे आणि अशाच प्रकारचे इतर कोणतेही नकोसे वर्तन, मग ते कृतीने असो, शब्दाने असो वा खुणेने, हे सर्व लैंगिक छळात मोडतेच; पण त्यापुढे जाऊन कायदा असेही म्हणतो की अशा वर्तनाच्या जोडीने स्त्रीला काम करणे कठीण होईल असे धाकाचे, अपमानाचे वा वैराचे वातावरण निर्माण केले, तर तोही छळच. भर कचेरीत चालणाऱ्या लैंगिक 'मस्करी'ला आपल्या कायद्यात असे नाव आहे. शिवाय कामाचे ठिकाण म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. कामासाठी गेलेली बाहेरगावची जागा, कंपनीने पुरविलेली गाडी, एवढेच नव्हे तर घरकाम करणारीच्या बाबतीत मालकाचे घरही त्यात येते. आणि कर्मचारी म्हणजे कायम नोकरीतलीच नव्हे. कंत्राटी, रोजंदारीवरची, उमेदवारी करणारी, शिकाऊ मुलगीही त्यात येते. माझ्या विद्यार्थिनीला पहिल्या वर्षी 'इंटर्न' म्हणतील, त्या काळातही हे संरक्षण तिला आहे.

दहा वा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असावी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य स्त्रिया असाव्यात, आणि एक सदस्य बाहेरचा, स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतला किंवा ह्या विषयाचा जाणकार असावा. हा बाहेरचा सदस्य मला सबंध कायद्याचा आधारस्तंभ वाटतो. युबिसॉफ्टच्या मनुष्यबळ विभागात जो नव्हता तो हाच माणूस, म्हणजे ज्याची बढती मालकाच्या हाती नाही असा माणूस. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत पुरी करावयाची. ती चालू असताना तक्रारदार स्त्रीला तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा बदली मागता येते. अहवालावर साठ दिवसांत कार्यवाही झाली पाहिजे. आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, असे कायद्याने मुद्दाम लिहून ठेवले आहे. समितीच न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास दुप्पट शिक्षा व परवाना रद्द होण्यापर्यंत पाळी येते.

उणिवा आहेत, त्या झाकण्यात अर्थ नाही. फ्रान्सने २००२ पासून कामाच्या ठिकाणच्या मानसिक छळाला स्वतंत्र गुन्हा मानले आहे, म्हणून चाबूक फटकारणाऱ्यालाही तेथे शिक्षा झाली. आपल्याकडे लैंगिक स्वरूप नसलेल्या छळासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. मेळघाटात हरिसाल येथील वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण ह्यांनी २०२१ च्या मार्चमध्ये आत्महत्या केली, तेव्हा त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रांत वरिष्ठाकडून झालेल्या छळाचे आणि वर दाद मागूनही ती न मिळाल्याचे लिहिले होते. अशी हतबलता पॅरिसच्या वातानुकूलित कचेरीत आणि सातपुड्याच्या रानात सारखीच असते.

दुसरी उणीव गोव्याच्या एका प्रकरणात दिसून आली. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या, समितीने घाईघाईने बैठकांमागून बैठका घेऊन चौकशी उरकली, त्यास बडतर्फ करण्यात आले, आणि चौदा वर्षांनी, १२ मे २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला तो हुकूम रद्द करून चौकशी पुन्हा करण्यास सांगावे लागले, कारण आरोपीला आपली बाजू मांडण्यास पुरेसा अवधी दिला गेला नव्हता. म्हणजे समितीला कायदा न कळल्याची झळ फिर्यादी आणि आरोपी दोघांनाही बसली. त्याच निकालात न्यायालयाने देशभर समित्यांची किती हेळसांड झाली आहे ह्याबद्दल तीव्र खंत व्यक्त केली, आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी पुढला हुकूम देऊन प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी व स्थानिक समिती, आणि प्रत्येक तालुक्यात समन्वय अधिकारी नेमण्यास तारखा ठरवून दिल्या.

येथे हा विषय पुण्याहून परत कळंबला येतो. जेथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, किंवा जेथे तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तेथे ही जिल्ह्याची स्थानिक समिती फिर्याद ऐकते, आणि तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याने आलेली तक्रार सात दिवसांत तिच्याकडे पाठवावयाची असते. आमच्या बाजारपेठेतील कापडाच्या दुकानात उभी असलेली मुलगी, दवाखान्यातील सहायिका, शिकवणीवर्गातील बाई, मुकादमाच्या टोळीतून कोयता घेऊन फडावर जाणारी बाई, ह्या सर्वांसाठी हीच वाट आहे, आणि त्यांतील बहुतेकींना ती ठाऊक नाही. निजामाच्या अमदानीपासून ह्या मुलखात कचेरी, फिर्याद, दाद हे शब्द घरोघर रुळलेले आहेत. फिर्याद ह्या मूळच्या फारसी शब्दाचा अर्थ आक्रोश असा आहे आणि दाद म्हणजे न्याय. आक्रोशाचा कागद झाला, त्यावर तारीख पडली, कोणीतरी तो घेतल्याची सही केली, म्हणजे त्याला रड म्हणून हिणविणे कठीण जाते. जुन्या लोकांनी आक्रोशालाच अर्जाचे नाव दिले ह्यात मला मोठी समज दिसते.

दोन महिन्यांनी ते गृहस्थ बाजारात पुन्हा भेटले, तेव्हा स्थानकावर न दिलेले उत्तर मी त्यांना चहाच्या टेबलाशी बसून, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, मुलीला तेथल्या तेथे फोन लावला आणि फोन माझ्या हाती दिला. समितीच्या सदस्यांची नावे कचेरीत सर्वांना दिसतील अशा जागी लावणे मालकावर बंधनकारक आहे, ती कोठे लावली आहेत ते पाहून सांग, असे मी तिला म्हटले. ती उठून गेल्याचा आवाज आला. मग तिने एकेक नाव वाचून दाखविले. शेवटच्या बाहेरच्या सदस्य बाईंच्या नावापुढे फोन क्रमांक होता. वडिलांनी खिशातून सोयाबीनच्या हिशेबाची छोटी वही काढली, "दमानं सांग," म्हणाले, आणि आकडे एकेक करून वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले.